व्ह्यूमधून इन्सर्ट केला की टेबलचे डिफॉल्ट लागत नाहीत (पोस्टग्रेस १६)

नोंदवही

नमस्कार मंडळी. दूध संकलन केंद्राच्या नोंदी पोस्टग्रेस १६ या डेटाबेसमध्ये आहेत. टेबल खाली देतो. कीवर्ड इथे देवनागरीत लिहिले आहेत. टेबल आणि कॉलमची नावं मात्र डेटाबेसमध्येही देवनागरीच आहेत.

क्रिएट टेबल संकलन (
  आयडी बिगसिरियल प्रायमरी की,
  सभासद_क्र इंटिजर नॉट नल,
  दिनांक डेट नॉट नल डिफॉल्ट करंट_डेट,
  सत्र टेक्स्ट नॉट नल,
  प्रकार टेक्स्ट नॉट नल डिफॉल्ट 'गाय',
  लिटर न्यूमेरिक(६,२) नॉट नल,
  फॅट न्यूमेरिक(३,१),
  स्थिती टेक्स्ट नॉट नल डिफॉल्ट 'कच्ची',
  नोंद_वेळ टाइमस्टॅम्पटीझेड नॉट नल डिफॉल्ट नाऊ()
);

याच्यावर संकलन_नोंद हा व्ह्यू (टेबलसारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) आहे. त्यात हेच सगळे कॉलम आहेत आणि अट एकच: स्थिती = 'कच्ची'. केंद्रावरच्या लॉगिनला फक्त या व्ह्यूवर सिलेक्ट आणि इन्सर्टची परवानगी आहे. फक्त सभासद_क्र, सत्र, लिटर आणि फॅट एवढंच दिलं तरी बाकीचं टेबलच्या डिफॉल्टने भरत होतं. काहीच अडचण नव्हती.

मग पडद्यावर सभासदाचं नाव दिसायला हवं म्हणून व्ह्यूमध्ये सभासद टेबल जॉइन केलं. त्यानंतर इन्सर्ट चालेना, म्हणून इन्स्टेड ऑफ इन्सर्ट ट्रिगर (इन्सर्टऐवजी चालणारा कोड) लिहिला. त्यात न्यू (येणारी नवी ओळ) मधले सगळे कॉलम जसेच्या तसे संकलन टेबलमध्ये घातले. आता तोच इन्सर्ट पडतो: आयडी कॉलममध्ये नल (म्हणजे किंमतच नाही) आला म्हणून नॉट नलची एरर, कोड २३५०२. ट्रिगरमधून आयडी काढला तर दिनांकावर अडतो, दिनांकाला कोअॅलेस (नल असेल तर पर्यायी किंमत घेणारं फंक्शन) लावला तर प्रकारावर.

टेबलवर डिफॉल्ट आहेत, ते मग जातात कुठे? आणि ट्रिगरमध्ये प्रत्येक कॉलमला कोअॅलेस लावणं एवढाच उपाय आहे का? तसं केलं तर उद्या टेबलचा डिफॉल्ट बदलल्यावर ट्रिगरही आठवणीने बदलावा लागेल, ते नको आहे.

---

मूळओळ

डिफॉल्ट जाग्यावरच आहेत, त्यांना काम करायची संधीच मिळत नाही. कारण नीट समजून घ्या, म्हणजे उपाय निवडणं सोपं जाईल.

व्ह्यू एकाच टेबलवर होता तेव्हा तो आपोआप अपडेट होण्याजोगा होता (ही सोय आवृत्ती ९.३ पासून आहे). अशा व्ह्यूवर इन्सर्ट आला की पोस्टग्रेस क्वेरी नव्याने लिहितो आणि व्ह्यूच्या जागी थेट टेबल ठेवतो. तुम्ही प्रकार हा कॉलम उच्चारलाच नाही, तर नव्या क्वेरीतही तो उच्चारला जात नाही. टेबलला दिसतं की हा कॉलम दिलेलाच नाही, आणि ते आपला डिफॉल्ट लावतं.

जॉइन आला की फ्रॉममध्ये दोन टेबलं झाली आणि ती सोय संपली. आता इन्सर्ट ट्रिगरकडे जातो. ट्रिगरला न्यू नावाची पूर्ण ओळ लागते, तीही व्ह्यूच्या आकाराची. त्या ओळीत प्रत्येक कॉलमला काहीतरी किंमत असावीच लागते. दिलेली नसेल तर पोस्टग्रेस व्ह्यूचा डिफॉल्ट बघतो. व्ह्यूलाही डिफॉल्ट नसेल तर नल. खालच्या टेबलचा डिफॉल्ट तो या टप्प्यावर बघत नाही, कारण ट्रिगर ही ओळ कुठल्या टेबलमध्ये घालणार हे त्याला माहीतच नसतं. मग तुमचा ट्रिगर न्यू.प्रकार म्हणजे नल, हा स्पष्टपणे लिहून टेबलला देतो. टेबलच्या लेखी ‘दिलं नाही’ आणि ‘नल दिलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिफॉल्ट फक्त पहिल्या बाबतीत लागतो.

व्ह्यूच्या कॉलमला स्वतःचा डिफॉल्ट देता येतो, हे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं:

ऑल्टर व्ह्यू संकलन_नोंद ऑल्टर कॉलम दिनांक सेट डिफॉल्ट करंट_डेट;
ऑल्टर व्ह्यू संकलन_नोंद ऑल्टर कॉलम प्रकार सेट डिफॉल्ट 'गाय';
ऑल्टर व्ह्यू संकलन_नोंद ऑल्टर कॉलम स्थिती सेट डिफॉल्ट 'कच्ची';

हे डिफॉल्ट ट्रिगर चालण्याआधीच भरले जातात, म्हणजे न्यू मध्ये ते तयारच असतात. कोअॅलेसपेक्षा हा मार्ग मला बरा वाटतो, कारण कोअॅलेसला ‘दिलं नाही’ आणि ‘मुद्दाम नल दिलं’ यातला फरक कळत नाही. फॅट मोजलंच नाही म्हणून कोणी नल दिलं आणि ट्रिगरमध्ये कोअॅलेस(न्यू.फॅट, ३.५) बसलेलं असेल, तर न मोजलेल्या दुधाला फॅट चिकटेल आणि त्यावर दर निघेल. व्ह्यूचा डिफॉल्ट दिलेल्या नलला हात लावत नाही.

आयडी आणि नोंद_वेळ यांना मात्र व्ह्यूवरही डिफॉल्ट देऊ नका. पडद्यावरून हे दोन कॉलम कधीच यायचे नाहीत, म्हणून ट्रिगरच्या इन्सर्टमधून त्यांची नावंच वगळा. मग टेबल स्वतः भरेल:

इन्सर्ट इन्टू संकलन (सभासद_क्र, दिनांक, सत्र, प्रकार, लिटर, फॅट, स्थिती)
व्हॅल्यूज (न्यू.सभासद_क्र, न्यू.दिनांक, न्यू.सत्र, न्यू.प्रकार, न्यू.लिटर, न्यू.फॅट, न्यू.स्थिती)
रिटर्निंग आयडी, नोंद_वेळ इन्टू न्यू.आयडी, न्यू.नोंद_वेळ;
रिटर्न न्यू;

रिटर्निंगची ओळ गाळू नका. व्ह्यूवरच्या इन्सर्टला अॅपने रिटर्निंग आयडी लावलं, तर त्याला ट्रिगरने परत केलेली न्यू ओळ मिळते, टेबलमध्ये खरोखर गेलेली ओळ मिळत नाही. ही ओळ नसेल तर नोंद टेबलमध्ये व्यवस्थित बसते आणि अॅपच्या हातात आयडी म्हणून नल येतो. शेवटी रिटर्न नल लिहिलंत तर आणखी घोटाळा: नोंद जाते, पण उत्तर येतं ‘इन्सर्ट ० ०’, आणि अॅपला वाटतं काहीच झालं नाही.

---

सांधा

मूळओळ यांनी कारण अचूक सांगितलं आहे. पण या प्रश्नात मी ट्रिगरच काढून टाकेन. फक्त नाव दाखवण्यासाठी जॉइनची गरज नाही:

क्रिएट ऑर रिप्लेस व्ह्यू संकलन_नोंद अॅज
सिलेक्ट क.आयडी, क.सभासद_क्र, क.दिनांक, क.सत्र, क.प्रकार, क.लिटर, क.फॅट, क.स्थिती, क.नोंद_वेळ,
  (सिलेक्ट स.नाव फ्रॉम सभासद स व्हेअर स.क्रमांक = क.सभासद_क्र) अॅज सभासद_नाव
फ्रॉम संकलन क
व्हेअर क.स्थिती = 'कच्ची'
विथ चेक ऑप्शन;

फ्रॉममध्ये एकच टेबल उरलं, म्हणून व्ह्यू पुन्हा आपोआप अपडेट होण्याजोगा झाला. ९.३ मध्ये असा एक जरी हिशेबी कॉलम असला तर अख्खा व्ह्यू बाद व्हायचा, ९.४ पासून तेवढाच कॉलम फक्त वाचण्यापुरता राहतो आणि बाकीच्यांत लिहिता येतं. टेबलचे डिफॉल्ट आपोआप परत लागतील आणि दोन ठिकाणी तेच लिहायची तुमची चिंता मिटेल.

हे करताना तीन-चार ठिकाणी पाय अडकतो.

ट्रिगर आधी ड्रॉप करा. व्ह्यू कितीही साधा असला तरी इन्स्टेड ऑफ ट्रिगर शिल्लक असेल तर पोस्टग्रेस त्यालाच मान देतो. ‘ऑर रिप्लेस’ने ट्रिगर जात नाही. चेक ऑप्शनही ट्रिगर असलेल्या व्ह्यूवर चालत नाही.

‘ऑर रिप्लेस’ने व्ह्यूवर आधी लावलेले डिफॉल्टही तसेच राहतात, आणि त्यांना टेबलच्या डिफॉल्टपेक्षा अग्रक्रम असतो. वरचे तीन ऑल्टर व्ह्यू चालवून झाले असतील तर आता दिनांक आणि प्रकाराचे डिफॉल्ट ड्रॉप डिफॉल्टने काढा (स्थितीचं खाली सांगतो). नाहीतर टेबलवर ‘गाय’चं ‘म्हैस’ केलं तरी व्ह्यूमधून ‘गाय’च जात राहील आणि कुठून येते ते सापडणार नाही. याच्या उलट, व्ह्यू ड्रॉप करून पुन्हा क्रिएट केलात तर त्याचे सगळे डिफॉल्ट उडतात. कॉलमचा क्रम बदलायचा असला की लोक हेच करतात, कारण ‘ऑर रिप्लेस’ नवा कॉलम फक्त शेवटी घेतो.

सभासद_नाव या कॉलमवर चुकूनही डिफॉल्ट लावू नका. ‘रिकामं दिसायला नको’ म्हणून कोणीतरी तिथे रिकामी स्ट्रिंग ठेवतं. डिफॉल्ट ही क्वेरीत भरलेली किंमतच असते, आणि लिहिता न येणाऱ्या कॉलममध्ये ती भरली गेल्यामुळे त्या व्ह्यूवरचा प्रत्येक इन्सर्ट पडतो, इन्सर्टमध्ये तो कॉलम नसला तरीही. एरर म्हणते की व्ह्यूच्या या कॉलममध्ये इन्सर्ट करता येत नाही, आणि वाचणारा आपल्या क्वेरीत तो कॉलम शोधत बसतो.

चेक ऑप्शन का लावला तेही सांगतो. उद्या टेबलचा डिफॉल्ट ‘कच्ची’ऐवजी ‘तपासणी’ झाला, तर चेक ऑप्शन नसताना इन्सर्ट यशस्वी होतो, ‘इन्सर्ट ० १’ येतं, आणि ती ओळ त्याच व्ह्यूमध्ये दिसत नाही, कारण ती अटीत बसत नाही. केंद्रावरचा माणूस नोंद दिसली नाही म्हणून पुन्हा भरतो आणि एकाच दुधाच्या दोन नोंदी होतात. चेक ऑप्शन असला की तिथल्या तिथे ४४००० ची एरर येते.

म्हणूनच व्ह्यूच्या अटीत जो कॉलम आहे, त्याचा डिफॉल्ट व्ह्यूवर ठेवणं योग्य, मग टेबलवर काहीही असो. इथे स्थिती = 'कच्ची' हा व्ह्यूचा स्वतःचा नियम आहे, टेबलच्या डिफॉल्टची नक्कल नाही. सकाळ_नोंद आणि संध्याकाळ_नोंद असे दोन व्ह्यू केलेत, तर एकाचा सत्र डिफॉल्ट 'सकाळ' आणि दुसऱ्याचा 'संध्याकाळ' ठेवता येईल. टेबलला तर एका कॉलमवर एकच डिफॉल्ट ठेवता येतो. मात्र तो कॉलम व्ह्यूच्या सिलेक्टमध्ये असायलाच हवा. अटीत आहे पण यादीत नाही, अशा कॉलमला व्ह्यूवरून डिफॉल्ट देता येत नाही.

---

नोंदवही

सांधा, तुमच्या पद्धतीने व्ह्यू केला, ट्रिगर काढला, दिनांक आणि प्रकारावरचे डिफॉल्ट काढले, स्थितीचा व्ह्यूवर ठेवला. माझ्या लॉगिनने इन्सर्ट व्यवस्थित होतो. केंद्राच्या लॉगिनने मात्र सीक्वेन्ससाठी (आयडीचे क्रमांक पुरवणारा) परवानगी नाही अशी एरर येते, ४२५०१. सर्व्हर बदलला तेव्हा परवानग्या नव्याने दिल्या होत्या. त्यात काही राहिलं असेल का? व्ह्यूवर इन्सर्टची परवानगी असताना सीक्वेन्सची वेगळी का लागावी?

शिवाय जावा अॅपमधून (हायबरनेट आहे, जावा ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये लिहिणारी लायब्ररी) प्रकार अजूनही नल जातो. पीएसक्यूएलमधून (पोस्टग्रेसचं कमांड-लाइन साधन) तोच इन्सर्ट बरोबर होतो.

---

मूळओळ

परवानगीचं असं आहे: व्ह्यूमधून टेबलवर जाताना टेबलची परवानगी व्ह्यूच्या मालकाची बघितली जाते. (१५ पासून आलेला सिक्युरिटी इन्व्होकर हा पर्याय चालू असेल तर वापरणाऱ्याची.) पण बिगसिरियल आयडीच्या डिफॉल्टमधलं नेक्स्टव्हॅल हे सीक्वेन्सचा पुढचा क्रमांक देणारं एक फंक्शन आहे, आणि ते इन्सर्ट करणाऱ्याच्या नावाने चालतं. म्हणून केंद्राच्या लॉगिनला त्या सीक्वेन्सवर युसेज (वापराची परवानगी) लागतो. जुन्या सर्व्हरवर तो दिलेला असणार, नव्यावर राहिला.

लगेच सुटायचं असेल तर ग्रँट युसेज ऑन सीक्वेन्स पुरे. पण सिरियल सोडून आयडेंटिटी कॉलम (क्रमांक आपोआप भरणारा) घ्या, असं मी सुचवेन. आयडेंटिटीचा पुढचा क्रमांक फंक्शन बोलावून येत नाही, त्यामुळे वेगळी परवानगी लागत नाही. आवृत्ती १० पासून ही सोय आहे. बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा: आधी टेबल लॉक करा, आयडी कॉलमवर ड्रॉप डिफॉल्ट, मग जुना सीक्वेन्स ड्रॉप, मग

ऑल्टर टेबल संकलन ऑल्टर कॉलम आयडी अॅड जनरेटेड बाय डिफॉल्ट अॅज आयडेंटिटी;
सिलेक्ट सेटव्हॅल(पीजी_गेट_सिरियल_सीक्वेन्स('संकलन', 'आयडी'), (सिलेक्ट मॅक्स(आयडी) फ्रॉम संकलन));

दुसरी ओळ विसरलात तर नवा सीक्वेन्स १ पासून सुरू होईल आणि पहिल्याच नोंदीला प्रायमरी कीची टक्कर होईल. सीक्वेन्स ड्रॉप करताना ‘यावर दुसरं काही अवलंबून आहे’ असं आलं तर कॅस्केड लावण्याआधी थांबा आणि काय अवलंबून आहे ते वाचा. बहुतेक वेळा कुठल्यातरी व्ह्यूवर तोच नेक्स्टव्हॅल डिफॉल्ट म्हणून लावलेला निघतो.

‘बाय डिफॉल्ट’ऐवजी ‘ऑल्वेज’ घेतलात तर एक ध्यानात ठेवा. अशा टेबलवर पुढे कधी इन्स्टेड ऑफ ट्रिगर लिहिला आणि त्यात न्यू.आयडी घातला, तर किंमत नल असो वा खरी, इन्सर्ट पडणारच. आयडीचं नाव यादीतून वगळावंच लागतं.

---

खडूफळा

हायबरनेटचं उत्तर देतो. साधारणपणे हायबरनेट एंटिटीमधले (टेबलशी जोडलेला जावा क्लास) सगळे कॉलम इन्सर्टमध्ये लिहितं आणि न भरलेल्यांना नल पाठवतं. म्हणजे मूळओळ यांनी सांगितलेला ‘नल दिलं’ हा प्रकार अॅपमध्येच घडतो, व्ह्यूचा त्यात दोष नाही. टेबलवर थेट इन्सर्ट केला असता तरी हेच झालं असतं. एंटिटीच्या क्लासवर डायनॅमिकइन्सर्ट हे अॅनोटेशन लावा, मग नल असलेले कॉलम इन्सर्टमधून गळतात. सेव्ह केल्यावर ऑब्जेक्टमध्ये प्रकार रिकामाच दिसेल, डेटाबेसने भरलेली किंमत परत वाचावी लागते. खात्री करायची असेल तर सर्व्हरचा लॉग उघडा. लॉग_मिन_एरर_स्टेटमेंट मूळच्या सेटिंगला एरर या पातळीवर असतं, त्यामुळे पडलेली क्वेरी पूर्ण छापलेली मिळते. यादीत प्रकार दिसला की समजायचं.

तुम्ही विचारलं नाही, पण दिनांकाचा डिफॉल्ट वाचून राहवत नाही. करंट_डेट हा त्या सेशनच्या टाइमझोनवर चालतो. सर्व्हर यूटीसीवर असेल आणि अॅपने टाइमझोन दिला नसेल, तर पहाटे ५ वाजता घातलेलं दूध यूटीसीत आदल्या रात्रीचे २३:३० दाखवतं, आणि नोंद कालच्या तारखेत जाते. साडेपाचनंतरच्या नोंदी बरोबर जातात. एकाच सकाळच्या सत्राचे दोन तुकडे होतात आणि दहा दिवसांच्या बिलात ताळा लागत नाही. डिफॉल्ट असा ठेवा:

(नाऊ() अॅट टाइम झोन 'एशिया/कोलकाता')::डेट

दूध तपासणीच्या मशीनची सीएसव्ही फाइल तुम्ही कॉपी कमांडने व्ह्यूमध्ये भरत असाल, तर ट्रिगर काढल्यावर ते बंद पडेल. कॉपी फक्त इन्स्टेड ऑफ इन्सर्ट ट्रिगर असलेल्या व्ह्यूवर चालतं, आपोआप अपडेट होणाऱ्यावर नाही. फाइल तात्पुरत्या टेबलमध्ये घ्या आणि तिथून व्ह्यूमध्ये इन्सर्ट-सिलेक्ट करा. सीएसव्हीतली अवतरणाविना रिकामी जागा म्हणजे नल, डिफॉल्ट नव्हे. डिफॉल्ट हवा असेल तर तो कॉलम इन्सर्टच्या यादीतूनच वगळा. काही ओळींत किंमत आहे आणि काहींत नाही असं असेल तर दोन इन्सर्ट करा: भरलेल्या ओळींचा कॉलमसकट, रिकाम्यांचा कॉलमशिवाय.

---

सांधा

कोणी हा धागा जुन्या सर्व्हरसाठी वाचत असेल तर: एकाच व्हॅल्यूजमध्ये अनेक ओळी आणि त्यात डिफॉल्ट हा शब्द स्पष्ट लिहिलेला असेल, तर आपोआप अपडेट होणाऱ्या व्ह्यूवर पूर्वी टेबलच्या डिफॉल्टऐवजी नल जायचा. एका ओळीच्या इन्सर्टला बरोबर चालायचं, म्हणून चाचणीत सापडायचं नाही. मे २०१९ च्या ११.३, १०.८ आणि ९.६.१३ मध्ये ते दुरुस्त झालं.

ट्रिगरऐवजी रूल लिहायचा विचार असेल तर सोडून द्या. रूल मजकूर बदलल्यासारखा चालतो. व्ह्यूच्या आयडीचा डिफॉल्ट नेक्स्टव्हॅल असेल आणि रूलमध्ये न्यू.आयडी दोन टेबलांत वापरला असेल, तर नेक्स्टव्हॅल दोनदा चालतं आणि मुख्य नोंदीचा आयडी तपशिलाच्या नोंदीशी जुळत नाही.

इतर डेटाबेसवाल्यांसाठी थोडक्यात. ओरॅकलमध्येही इन्स्टेड ऑफ ट्रिगरला न दिलेला कॉलम नल म्हणूनच दिसतो, पण १२सी पासून टेबलच्या कॉलमवर ‘डिफॉल्ट ऑन नल’ लिहिता येतं आणि मग स्पष्ट दिलेल्या नललाही डिफॉल्ट लागतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये इन्स्टेड ऑफ ट्रिगर असलेल्या व्ह्यूवर नॉट नल कॉलमना, आयडेंटिटीलासुद्धा, काहीतरी किंमत द्यावीच लागते. ट्रिगरने ती दुर्लक्षित करायची. मायएसक्यूएलमध्ये व्ह्यूवर ट्रिगरच नाहीत. मूळ टेबलमधले डिफॉल्ट नसलेले सगळे कॉलम व्ह्यूमध्ये असले तरच इन्सर्ट होतो.

---

नोंदवही

आयडेंटिटी केली, डायनॅमिकइन्सर्ट लावलं, दोन्ही एरर गेल्या. सर्व्हर खरोखरच यूटीसीवर आहे; पहाटेच्या नोंदी तपासल्या, तारीख एक दिवस मागे गेलेल्या सापडल्या. डिफॉल्ट बदलला आहे. जुन्या नोंदींची तारीख नोंद_वेळ वरून दुरुस्त करणं सुरक्षित आहे का?

---

खडूफळा

नोंद_वेळ टाइमस्टॅम्पटीझेड आहे, त्यामुळे क्षण बरोबरच साठला आहे. पण सरसकट अपडेट नको. राहिलेली नोंद दुसऱ्या दिवशी भरून हाताने तारीख दिलेली असेल तर तीही बदलेल. फक्त याच ओळी घ्या: सत्र = 'सकाळ', नोंद_वेळ कोलकात्याच्या वेळेनुसार साडेपाचच्या आतली, आणि दिनांक बरोबर त्याच्या आदल्या दिवसाचा. अपडेट मूळ टेबलवर करा, व्ह्यूवर नाही. व्ह्यूला फक्त ‘कच्ची’ ओळी दिसतात, त्यामुळे स्थिती बदलून पुढे गेलेल्या नोंदी सुटतील. ज्यांचं बिल निघून गेलंय त्यांची यादी अपडेट करण्याआधी वेगळी काढून ठेवा.